गप्प बसण्याची मार्गदर्शिका (पेण–रोहा विभाग)

देवापुढे रोज थोडा वेळ निवांत बसावं, हे ख्रिस्ती घरात सगळ्यांनाच मान्य असतं. सगळ्यांना मान्य असलेली गोष्ट कुणीच करत नाही, म्हणून ही मार्गदर्शिका. ती पेण आणि रोहा तालुक्यांतल्या विश्वासी मंडळींसाठी आहे. बाहेरच्यांनी आपल्या जबाबदारीवर वापरावी.

प्रथम जागा. शांत जागा शोधू नये. मुंबई–गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं. ते संपून डंपरची खडखड थांबली की बसू, असं म्हणण्याइतका ज्याचा विश्वास दृढ आहे, त्याला या मार्गदर्शिकेची गरजच नाही. रोहेकरांनी धाटाव एमआयडीसीच्या बाबतीत हेच समजावं. घरोघरी कॅलेंडरवर छापलेलं शेहेचाळिसाव्या स्तोत्रातलं ते शांत होण्याचं वचन मूळ स्तोत्रात जाऊन पाहा. आधी समुद्र खवळलेला, डोंगर थरथरताहेत, राष्ट्रांची दंगल चाललेली, धनुष्यं मोडताहेत. कॅलेंडरवाल्याने मागे तळं आणि हंस टाकले, त्याला स्तोत्रकर्ता काय करणार!

गप्प बसणं पाहायचंच असेल तर पेणच्या मूर्तिकारांकडे, गणपतीच्या कारखान्यात जावं. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजत असतो, आत रेडिओ. पण डोळ्यांची आखणी करणारा हात थांबत नाही आणि तोंड उघडत नाही. आखणी दुसऱ्याच्या देवाची म्हणून विश्वासी माणसाने मान फिरवू नये. शिकण्याला बाप्तिस्मा लागत नाही.

आता मुख्य अडथळा. तो म्हणजे आपली प्रार्थना. घरगुती सभेत एखादे काका डोळे मिटून सुरू झाले की परमेश्वराला पेण तालुक्याच्या समग्र बातम्या मिळतात: कोण आजारी, कुणाचं लग्न जमत नाही, पाऊस किती लांबला, कोणता भाऊ गेल्या तीन रविवारी उपासनेला दिसला नाही. सर्वज्ञाला इतकी माहिती पुरवून झाल्यावर ‘आमेन’ येतं आणि पाठोपाठ चहा. मधे देवाला काही बोलायचं असलंच तर फट कुठे आहे?

यावर उपाय म्हणून दिवा–रोहा गाडीतला सराव सुचवतो. पेणला बसावं. कासू येईपर्यंत सगळ्या मागण्या मांडून घ्याव्यात. कासू ते नागोठणे तक्रारींसाठी राखीव. सासूबाई, साहेब आणि पाळकसाहेब हे विषय नागोठण्याच्या आत संपलेच पाहिजेत. नागोठण्याहून गाडी हलली की तोंड आणि मन दोन्ही बंद. निडी येईपर्यंत काही मागायचं नाही, काही कळवायचं नाही. शेजारी कोळीण टोपली सरकवायला सांगेल तर सरकवावी. ध्यानात आहे असं भासवून बसून राहणाऱ्याचा सराव बाद धरला जाईल. एक्सप्रेसला वाट देण्यासाठी गाडी बाजूला उभी केली, तर तो वेळ बोनस समजावा. निडीनंतर पुन्हा मागण्या आठवू लागतील. लागू द्यात.

काही होत नाही, अशी तक्रार पहिल्या आठवड्यातच येते. तिला उत्तर पोपटीचं. मडक्यात वालाच्या शेंगा आणि भामरुडीचा पाला भरून ते उपडं घातलं, भोवती जाळ केला, की शिजलं का म्हणून दर दोन मिनिटांनी मडकं उचलून बघणाऱ्याला रायगडात कुणी पुन्हा बोलावत नाही.

केलेल्या मौनाचा गवगवा करू नये. याच पेण तालुक्यातल्या गागोद्यात १८९५ साली विनोबा जन्मले. ख्रिस्ती नसलेल्या या माणसाने ‘ख्रिस्तधर्म-सार’ सिद्ध केलं, आणि १९७४ च्या नाताळच्या दिवशी जे मौन धरलं ते पुढल्या नाताळपर्यंत. त्या वर्षातच आणीबाणी आली आणि ‘अनुशासनपर्व’ हा एक शब्द, आणीबाणीला पाठिंबा म्हणून, त्यांच्या नावावर देशभर फिरला. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. विनोबांची ही गत, तर आपण पंधरा मिनिटं गप्प बसून ‘प्रभूसोबत निवांत’ असं व्हॉट्सअॅप स्टेटस ठेवावं का, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

शेवटी एलीयाची गोष्ट, कारण ती अर्धीच सांगितली जाते. होरेबवर वारा आला, भूकंप झाला, अग्नी आला, मग तो मंद आवाज. इथे प्रवचन संपतं. पण देवाने एलीयाला तू इथे काय करतोस, हे वाऱ्याआधी विचारलं आणि आवाजानंतरही विचारलं. एलीयाने दोन्ही वेळा तेच पाठ केलेलं गाऱ्हाणं सांगितलं. म्हणजे नागोठण्यापुढे तक्रारी सुरू ठेवणारे आपण पहिले नव्हे. देव रागावला नाही. समजूतही घातली नाही. आल्या वाटेने परत जा म्हणाला आणि तिघांना अभिषेक करायचं काम हाती दिलं.

तेव्हा रोह्याला उतरल्यावर परतीच्या गाडीची वेळ आधी पाहून घ्यावी, आणि घरून निघताना बाजाराची पिशवी विसरू नये.