पाच वॉट फक्त

चंदीगडमध्ये ‘किती वॉटचा?’ हा प्रश्न ‘गाव कुठलं?’ इतक्या सहज विचारतात. गिटारसाठी मी ५ वॉटचा व्हॉल्व्ह अँप बनवतोय म्हटल्यावर आमचा ड्रमर सांत्वनाच्या सुरात म्हणाला, “कोई गल नहीं, भाजी. अगली बारी वड्डा बना लेना.”

वड्डा कशाला? फेंडरचा जुना ‘चँप’ही असाच. आवाजाच्या वाटेवर एक १२एएक्स७, एक ६व्ही६, संपलं. ५ चे ५० वॉट केले तरी कानाला आवाज दुप्पटच वाटतो. दहापट फरक पडतो तो उचलणाऱ्याच्या कमरेला. शिवाय व्हॉल्व्हची गोडी त्याला मेटाकुटीला आणल्यावरच बाहेर येते, आणि ५० वॉटवाला मेटाकुटीला येईपर्यंत कॅफेतली गिऱ्हाइकं घरी पोचतात. आवाज फाटू नये म्हणून इंजिनिअरांनी जन्म घालवले. आम्ही पदरमोड करून तो फाडतो.

खरं अडलं आउटपुट ट्रान्सफॉर्मरपाशी. या प्रकारच्या अँपमध्ये त्यातून सतत डीसी वाहतो. गाभा चुंबकत्वाने तुंबू नये म्हणून ‘ई’ आणि ‘आय’ पत्त्यांमध्ये कागदाएवढी फट ठेवावी लागते. आमच्या वाइंडिंगवाल्याचा जन्म स्टॅबिलायझर गुंडाळण्यात गेलेला. फट? त्याने मला बसवलं, चहा मागवला आणि आपल्या वडिलांनीही कधी फट सोडली नव्हती हे शांतपणे सांगितलं. शेवटी ‘गॅरंटी नाही’ या अटीवर त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरचा नोव्हेंबर फाडून आत सरकवला. आमच्या टोनमध्ये आता गुरुपर्वाची सुट्टी आहे.

बाकी सांगाडा जुन्या रेडिओचा. नेकचंदांनी याच शहरात सरकारला पत्ता लागू न देता भंगारातून रॉक गार्डन उभं केलं, त्यामुळे गंजका पत्रा घेऊन हिंडणाऱ्याकडे इथे आदरानेच पाहतात. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्ट दबा धरून बसू शकतात, हे घरात सांगितल्यापासून माझं टेबल कुणी आवरत नाही. (हा फायदा कुठल्याही पुस्तकात दिलेला नाही.)

पहिला कार्यक्रम जानेवारीत, एका कॅफेत. ५ वॉटपुढे माइक ठेवला की उरलेली हमाली हॉलचे स्पीकर करतात. व्हॉल्व्ह तांबूस पेटले तसा साउंडवाला खाली वाकला. “हीटर है?” बाहेरचं धुकं पाहता प्रश्न गैर नव्हता. मध्यंतरात एक अंकलजी खुर्ची अँपजवळ ओढून हात शेकत बसले ते उठेचनात. जाताना त्यांनी आम्हाला घरच्या समारंभाचं निमंत्रण दिलं. तारीख अजून ठरायची होती. थंडीतली असेल, एवढं मात्र त्यांनी नक्की सांगितलं.