पार्किंग लाईट मिचकावण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

गाडीला बाजारातला अलार्म आणि रिमोट स्टार्टर स्वहस्ते बसवू इच्छिणाऱ्या गृहस्थाने सोबत आलेली पुस्तिका आधी नीट पसरून ठेवावी. तिच्यावर ठेवलेले स्क्रू हरवत नाहीत. पार्किंग लाईटविषयी तिच्यात एकच ओळ असते : ‘पांढरी वायर पार्किंग लाईटला जोडा.’ पांढरी वायर खोक्यातून लोंबत असते, दिवा पुढे बंपरपाशी दिसत असतो. मधल्या अंतराचा प्रश्न तेवढा उरतो, आणि तो पुस्तिकाकाराने वाचकाच्या कर्तृत्वावर सोपवलेला आहे.

हे काम किरकोळ समजू नये. अलार्मच्या खोक्याला सायरनखेरीज वाचा नाही. जे काही समजुतीने सांगायचे, ते दिव्यानेच. बहुतेक खोकी लॉक झाल्यावर एकदा मिचकावतात, उघडल्यावर दोनदा. रिमोटने इंजिन सुरू केले की दिवे लागून राहतात किंवा लुकलुकत राहतात, म्हणजे आत माणूस नसताना गाडी सुरू आहे हे बघणाऱ्याला कळते. इंजिन सुरू झाले नाही, तर का झाले नाही (बॉनेट उघडे आहे की ब्रेक दाबलेला आहे) हेही मिचकावण्याच्या संख्येवरूनच ओळखायचे. ही वायर न जोडल्यास यंत्र रुसते आणि कारण सांगत नाही. असा एक सदस्य घरोघरी असतोच. दुसरा पैसे मोजून आणू नये.

साहित्य : मल्टिमीटर, सोल्डरिंग गन, रिले, फ्यूज, इन्सुलेशन टेप आणि सल्लागार. पहिल्या पाच वस्तू विकत मिळतात. सहावी सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी बॉनेट उघडताच आपोआप हजर होते. ‘त्यात काय एवढं, लाल वायरला जोडा की!’ हे तिचे पहिले वाक्य. रंगावर विसंबू नये, कारण कंपनीगणिक आणि मॉडेलगणिक ते बदलतात. अपवाद एकच : स्टिअरिंगखालचे पिवळे कपलर. ते एअरबॅगचे असतात, तिथे मल्टिमीटरची सुईसुद्धा टेकवू नये. सल्लागाराने घरून बल्बवाला टेस्ट लॅम्प आणलाच, तर तो आदराने बाजूला ठेवावा. जुन्या मारुती ८०० ला तो चालत असे. आजच्या गाड्यांत दिवे कॉम्प्युटर सांभाळतो, आणि टेस्ट लॅम्पने भलत्या वायरीतून ओढलेला करंट त्याला झेपेलच असे नाही. मग नम्रपणे म्हणावे, ‘काका, जरा आत बसून दिव्याचं बटण फिरवता का?’ यामुळे काका उपयोगी पडतात आणि काच वर असल्यास त्यांचे बोलणेही ऐकू येत नाही.

आता शोध. मल्टिमीटरचे काळे टोक रंग नसलेल्या उघड्या लोखंडावर, म्हणजे बॉडी अर्थवर धरावे आणि लाल टोकाने स्टिअरिंगजवळच्या वायरी तपासाव्यात. बटण बंद असताना शून्य आणि पहिल्या खटक्याला १२ व्होल्ट दाखवणारी वायर सापडली की आनंदाने ओरडू नये. दुसऱ्या खटक्याला हेडलाईट लागल्यावरही १२ कायम राहिले पाहिजेत. मग डॅशबोर्डचा उजेड कमीजास्त करणारे चाक फिरवावे. त्याबरोबर आकडा घसरला, तर हाती आलेली वायर मीटरच्या उजेडाची आहे, पार्किंग लाईटची नव्हे. येथे बरेच जण समाधान मानतात आणि पुढे अलार्म वाजला की स्पीडोमीटर लुकलुकतो. नव्या गाड्यांत स्टिअरिंगपाशी नुसता इशारा जातो, दिव्याचा करंट नाही. तिथे हट्ट सोडून फ्यूजबॉक्स किंवा डिक्कीतला टेललाईटचा हार्नेस गाठावा.

वायर ठरली की बॅटरीचे निगेटिव्ह काढून मगच जोड करावा. वायरीला चिमटा मारून जोड देणारी क्लिप सोयीची असते. पावसाळ्यात आतले तांबे हिरवे पडेपर्यंत टिकते. सोल्डर करावे. खोक्यातून पॉझिटिव्हऐवजी निगेटिव्ह सिग्नल येत असेल, तर रिले लावावा : ८५ ला खोक्याची वायर, ८६ आणि ३० ला फ्यूज लावलेले १२ व्होल्ट, ८७ वरून दिवा. ८७ए रिकामे ठेवावे. ते रिकामे का, हे काका विचारतीलच. जर्मन गाडीत डाव्या-उजव्या बाजूच्या वायरी वेगळ्या असतात. त्या एकत्र पिळल्यास दोन्ही बाजू कायमच्या एक होतात, म्हणून प्रत्येकीला ३ अँपिअरचा एकेक डायोड लावावा, चंदेरी पट्टी दिव्याकडे. फ्यूज उडाल्यास सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळण्याची थोर परंपरा आपल्याकडे आहे. ५ वॉटचे चार बल्ब दोन अँपिअरसुद्धा खात नाहीत. तरी १० चा फ्यूज उडतो, म्हणजे वायर कुठेतरी बॉडीला लागली आहे. चांदीने ती सुटत नाही, पेटते.

रिमोट स्टार्टरबद्दल थोडक्यात. ज्या गाडीच्या किल्लीत चिप आहे, तिला रिमोटने फसवण्याचा एक प्रचलित उपाय म्हणजे दुसरी किल्ली डॅशबोर्डच्या पोटात लपवणे. चोरी होऊ नये म्हणून बसवलेल्या यंत्रणेसाठी किल्ली गाडीतच ठेवायची, यातला तर्क ज्याने त्याने समजून घ्यावा. हाताने गिअर टाकायच्या गाडीत तर आणखी गंमत आहे. ती न्यूट्रलमध्ये आहे हे यंत्राला पटावे म्हणून हँडब्रेक ओढून, इंजिन चालू ठेवून, किल्ली काढून बाहेर पडायचे आणि दार लावायचे. मग खोके स्वतः इंजिन बंद करते. त्यानंतर दार पुन्हा उघडले की व्रत मोडते. हा सोपस्कार गाळणाऱ्याची गाडी सेल्फ मारताच समोरच्या भिंतीकडे निघते. बंद गॅरेजमध्ये तर रिमोट वापरूच नये, धूर जीव घेतो.

राहिला सायरन. धक्का ओळखणाऱ्या सेन्सरचा स्क्रू पूर्ण पिळला, तर गाडी मांजराला, सुतळी बॉम्बला आणि ढोलपथकाला सारख्याच निष्ठेने उत्तर देते. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल आहे, अलार्मचा सायरन शंभरीच्या वरचा. तो ऐकून शेजारी चोरामागे धावत नाहीत, खिडकी लावून घेतात. तेव्हा सेन्सर निम्म्यावर आणा, आणि दिवे नीट मिचकावत असतील तर सायरनच्या वायरीला टेप गुंडाळून ती तशीच सोडून द्या.