आजीला स्टेजवर बोलवा

तुळशीचं लग्न लागलं की हॉलवाल्यांचे फोन वाजू लागतात. पूर्वी साखरपुडा घरात व्हायचा. पुढच्या खोलीतलं सामान मागे जायचं, सतरंज्या पडायच्या, दोन्हीकडची मिळून तीस-चाळीस माणसं दाटीवाटीनं बसायची. मुलाची आई मुलीला कुंकू लावून साडी द्यायची, मुलगी ती नेसून यायची, ओटी भरली जायची, हातात साखरेचा पुडा पडायचा आणि पेढ्यांचं ताट फिरायचं. आता हॉल असतो, स्टेज असतं, फुलांची कमान, एलईडी पडदा, दोन कॅमेरे आणि हॉलला लॉन असेल तर ड्रोन. ज्यांना परवडतं त्यांनी खुशाल करावं. कर्ज काढून मात्र करू नये.

माझं भांडण दुसऱ्याच गोष्टीशी आहे. हा सगळा खर्च ‘आठवणी जपण्यासाठी’ म्हणून होतो. फोटोग्राफर तेच सांगतो, अँकर तेच सांगते, मुलीचे बाबाही चेक लिहिताना तेच म्हणतात. आणि त्याच हॉलमध्ये, जिला त्या घराच्या चार पिढ्या तोंडपाठ आहेत ती बाई शेवटून दुसऱ्या रांगेत बसलेली असते. तिला कुणी एक प्रश्न विचारत नाही. ती विधवा असेल तर ओटी भरायलासुद्धा तिला पुढे बोलावत नाहीत. हे मला अजिबात मान्य नाही.

आधी नावांचं बघू. ज्या घरात गुरुजी बोलावून वाङ्निश्चय करतात, तिथे तीन पिढ्यांचा उच्चार होतो. अमुक गोत्रातला, अमक्याचा पणतू, अमक्याचा नातू, अमक्याचा मुलगा. मुलीच्या बाजूनंही तसंच: अमक्याची पणती, नात, मुलगी. ऐकायला छान वाटतं. हॉलमध्ये बसलेल्या पोरांना पणजोबांचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा कळतं. पण त्या यादीत एकही बाई नाही. पणजीचं नाव विचारून बघा. बहुतेक घरांत शांतता पसरते. मग कुणीतरी म्हणतं, ‘सगळे तिला माई म्हणायचे.’ माई हे काही नाव झालं नाही.

त्यात आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची चाल. म्हणजे पणजीला दोन नावं होती आणि घराला दोन्ही ठाऊक नाहीत. लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना. या दोघींनी स्वतः लिहून ठेवलं, म्हणून आज आपल्याला त्यांची लहानपणं ठाऊक आहेत. लक्ष्मीबाईंचं तर विशेष आहे. मुलाला, देवदत्तांना, वडिलांचं चरित्र लिहायचं होतं. त्यांनी आईकडे आठवणी मागितल्या, आणि शाळेत न गेलेल्या त्या माउलीनं जे लिहिलं ते ‘स्मृतिचित्रे’ म्हणून १९३४ पासून भागाभागानं बाहेर आलं. मराठीतलं एक थोर पुस्तक आपल्याला मिळालं, कारण एका मुलानं आईला विचारलं. किती घरांत असं विचारलंच गेलं नाही, याचा हिशेब कधीच लागणार नाही.

महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये ठरवलं की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात मुलाच्या नावापुढे आईचं नाव आधी येईल, मग वडिलांचं, मग आडनाव. उशीर झाला, पण चांगलं झालं. सरकारी कागदावर आई आली. आता घरच्या समारंभात तिला आणायचं काम आपलं. गुरुजींना सांगा: तिन्ही पिढ्यांच्या बायकांची नावंही घ्या. ते तयार नसतील तर मुलीच्या मामानं उठून घ्यावीत. त्याला मुहूर्त लागत नाही.

आणि लिहिण्याची आपल्याला सवय नाही, असंही नाही. बैठकीत याद्या होतात, देण्याघेण्याच्या ओळी लिहिल्या जातात, खाली दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या सह्या पडतात. त्या यादीत जिथे हुंडा लपलेला असतो तिथे तो गुन्हा आहे, १९६१ पासून आहे. आपखुशीनं दिलेल्या भेटवस्तूंची यादी मात्र कायद्यालाच हवी असते. १९८५ च्या नियमांप्रमाणे वधू-वरांना लग्नात मिळालेल्या भेटींची लेखी यादी ठेवायची असते. वस्तू कोणती, अंदाजे किंमत किती, कुणी दिली आणि देणाऱ्याचं नातं काय, हे सगळं त्यात यावं लागतं. ही यादी किती जण करतात? जे घर तोळे-मासे काटेकोर लिहून ठेवतं, त्याला नातीही लिहिता येतील. अंगठी कुणी घडवून दिली, पाटल्या कुणाच्या मोडून मंगळसूत्र होतंय, ती पाटल्यांची जोडी आधी कुणाच्या हातात होती, हे त्याच कागदावर येऊ दे.

आता ओटीचं.

ओटी भरायला सवाष्णीच हव्यात, हा नियम आपण अजून पाळतो. शिकलेली घरं पाळतात, पुरोगामी म्हणवणारी घरं पाळतात, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिला दिनाच्या शुभेच्छा पाठवणारी घरंही पाळतात. कोविडच्या दोन वर्षांत कितीतरी घरांतले कर्ते पुरुष गेले. त्यांच्या मुली आता लग्नाच्या वयात आल्या आहेत. ज्या आईनं नवऱ्यामागे नोकरी धरली, फी भरली, मुलीला इंजिनीयर केलं, स्थळंही तिनंच बघितली, ती आई साखरपुड्याच्या दिवशी खांबाशी उभी असते आणि पाटावर काका-काकू बसतात. का, तर जोडपं लागतं. काका भला माणूस असेल. पण मुलगी वाढवली कुणी?

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं ठराव केला की गावात नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. शिरोळ तालुक्यातलं हे एक गाव जे करू शकतं ते पुण्या-ठाण्याच्या, नागपूर-नाशिकच्या हॉलमध्ये का होऊ नये? परिपत्रकाची वाट बघण्यासारखं यात काहीच नाही. तो हॉल तुम्ही भाड्यानं घेतलेला आहे. तिथे कुणाला कुठे बसवायचं हे तुम्हीच ठरवता.

मला माहीत आहे काय उत्तरं येतात. ‘मुलाकडच्यांना चालेल का?’ विचारा त्यांना. बैठकीत जेवणाच्या पानांची संख्या विचारता, तेव्हा हेही विचारा. ज्या घराला तुमची आई ओटी भरताना चालत नाही, त्या घरात मुलगी देण्याआधी हे कळलेलं बरं. दुसरं उत्तर असं: ‘आजी स्वतःच नको म्हणते.’ म्हणणारच. चाळीस वर्षं तिला मागे उभं राहायला शिकवलंय, एका हाकेनं ती पुढे येणार नाही. नातीनं स्टेजवरून उतरावं, तिच्या खुर्चीपर्यंत जावं, तिचा हात धरून तिला आणावं. ती दोनदा हात सोडवून घेईल. तिसऱ्यांदा उठते.

पाथर्डीकडच्या एका साखरपुड्यात मी हे डोळ्यांनी पाहिलं. मुलगी बँकेत नोकरीला, मुलगा शिक्षक. मुलीनं आधीच सांगून ठेवलं होतं की पहिली ओटी माझी आजी भरणार. आजीनं मान हलवली, पदर तोंडाशी धरला. मग मुलाची आईच उठली. म्हणाली, ‘अहो आज्जी, तुम्ही भरल्याशिवाय मी कशी भरू?’ आजी उठल्या. खण, नारळ, तांदूळ ओटीत घातले, कुंकू लावलं. आणि नातीनं माइक त्यांच्यापुढे धरून विचारलं, तुझा साखरपुडा कसा झाला होता?

आजी आधी बोलेनात. मग म्हणाल्या, ‘आमच्या टायमाला कुठली आलीय साखर? गूळ व्हता.’ आणि पुढे सगळं आलं. बहात्तरचा दुष्काळ. वडील खडी फोडायच्या कामावर होते, तिथेच त्यांना हे स्थळ कळलं. व्याही-व्याही एकाच मुकादमाच्या हाताखाली. बैठक त्या कामावरच, झाडाखाली बसून झाली. पाहुण्यांना खायला मिलो ज्वारीच्या लाल भाकरी आणि पोरांना सुकडी. नवरा लग्नात पहिल्यांदा दिसला. लुगडं उसनं आणलेलं होतं आणि ते परत करताना आई रडली होती. हॉलमध्ये कुणी हललं नाही. मुलीच्या वडिलांना, म्हणजे आजींच्या सख्ख्या मुलाला, यातलं काहीही माहीत नव्हतं. पन्नाशीचा तो माणूस आपल्या आईकडे बघतच राहिला. तो दुष्काळ राज्याच्या इतिहासात आहे. रोजगार हमी योजनेचं मूळ त्या काळात आहे, पाठ्यपुस्तकांत त्याचा उल्लेख येतो. पण आपलं घर त्या दुष्काळातून उभं राहिलं, हे त्या घरातल्या मुलांना त्या दिवशी कळलं.

बायकांकडे हे सगळं साठलेलं असतं. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखाहून अधिक भरल्या. आई, भाऊ, सासर, दुष्काळ, विठ्ठल, सगळं त्यांत आहे. एवढा ठेवा निरक्षर बायकांच्या तोंडी होता. जाती बंद पडली, पीठ गिरणीतून येऊ लागलं, गाणाऱ्या एकेक करून गेल्या. ज्या उरल्यात त्या आपल्या घरांत आहेत आणि लग्नाकार्याला येतात. चार गावांत विखुरलेलं घर एकत्र येतं ते साखरपुड्याला. तेराव्यालाही येतं, पण तोवर सांगणारंच माणूस गेलेलं असतं.

फोटोंच्या भरवशावर राहू नका. तुमच्या आजी-आजोबांचा स्टुडिओतला कृष्णधवल फोटो अजून स्वच्छ असेल. ऐंशीच्या दशकातल्या रंगीत फोटोंचे रंग उडालेले असतील, आणि चिकट पानांच्या अल्बममध्ये लावले असतील तर ते निघतही नाहीत. नव्वदच्या लग्नांच्या व्हीएचएस कॅसेटी कपाटात आहेत, त्या लावायला यंत्र कुठे आहे? जपानच्या शेवटच्या कंपनीनं व्हीसीआर बनवणं २०१६ मध्ये बंद केलं. पेन ड्राइव्हचीही गत वेगळी होणार नाही. फोटोग्राफर तुम्हाला दोन हजार फोटो देईल. त्यातले वीस निवडा, चांगल्या कागदावर छापून घ्या, आणि मागे मऊ पेन्सिलीनं लिहा: कोण, कुठे, कधी, कुणाचे कोण. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. नाव नसलेला फोटो तीस वर्षांनी रद्दीत जातो. जुन्या बाजारात टोपलीभर पडलेले असतात असे फोटो: नऊवारीतल्या बायका, फेट्यातले पुरुष, मांडीवर टोपडं घातलेलं पोर. सगळे कुणाचे तरी पणजी-पणजोबा. विकणाऱ्याला माहीत नाही, घेणाऱ्याला माहीत नाही, आणि ज्यांचे आहेत त्या घरांना ते गेलेलेच ठाऊक नाहीत.

अँकरला वीस मिनिटं मिळतात. ‘नवरदेवाला कोणता पदार्थ आवडतो’ असे खेळ होतात, टाळ्या पडतात. त्यातली दहा मिनिटं आजीला द्या. आजोबा असतील तर त्यांना द्या, आत्याबाईंना द्या, ज्या मावशीचं लग्न झालं नाही आणि जिनं सगळ्यांची बाळंतपणं काढली तिला द्या. प्रश्न साधे विचारा. तुझं लग्न कुणी जमवलं? त्या दिवशी घरात काय शिजलं होतं? तुझं माहेरचं नाव काय? कोण रुसलं होतं? शेवटचा प्रश्न जरूर विचारा, सगळ्यात जास्त त्यातूनच बाहेर येतं. कुणीतरी मोबाइल जवळ धरून आवाज नीट टिपावा, हॉलच्या स्पीकरवर विसंबू नये. घरी आल्यावर त्याच आठवड्यात ते वहीत उतरवावं. होणाऱ्या नवरा-बायकोनं मिळून उतरवावं. एकमेकांच्या घराची ओळख करून घ्यायला याहून चांगलं काम मला तरी सुचत नाही, आणि प्री-वेडिंगच्या शूटिंगपेक्षा ते स्वस्तही आहे.

तुमच्या घरात या मोसमात साखरपुडा असेल तर आज रात्री दोन फोन करा. एक मुलाकडच्यांना: ‘पहिली ओटी आमची आजी भरेल, कळवून ठेवतो.’ दुसरा आजीला. तिला लवकर झोप लागते, तेव्हा नऊच्या आत करा.