रसज्ञांचं मारुंजी

पुण्यात 'डूलाली' या मायक्रोब्रुअरीनं २००९ साली क्राफ्ट बिअरचा नळ सोडला, आणि आता हिंजवडीशेजारच्या मारुंजीच्या टॉवरांमधला प्रत्येक टीम लीड रसज्ञ झाला आहे. आधी ग्लास उजेडात धरायचा, मग त्यात नाक खुपसायचं, मग "संत्र्याची साल जाणवते" म्हणायचं. मेनूकार्डावर तेच छापलेलं असतं, हा भाग वेगळा.

खरी परीक्षा पुढे, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर. मिलिलिटरला किती रुपये, आणि त्यात अल्कोहोल किती टक्के? या परीक्षेत वाइन शॉपमधली ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअरच दर वेळी पहिली येते, कारण चवीला इथे गुणच नाहीत. चवच बघायची, तर स्वस्त एल खरोखर चांगली आहे का, हे कळायला ती जराशी कोमट होऊ द्यावी लागते. बर्फगार घोटानं जीभ बधिर होते आणि सगळे दोष झाकले जातात. पण 'एकावर एक फुकट'ची वेळ सातला संपत असताना एवढा धीर कोण धरणार?

एके काळी इंडिया पेल एलमध्ये बिअर टिकवणारे हॉप्स सढळ हातानं घालत, कारण विलायतेहून मुंबई-कलकत्त्याला जहाज पोचायला महिने लागत. संध्याकाळी हिंजवडीच्या तुंबलेल्या चौकातून मारुंजीला बाटली नेणाऱ्यांनीही तेवढेच हॉप्स मागून घ्यावेत.