गालाचा टंच

दिल्लीतल्या करोल बागेत पहाटे साडेपाचला तीन आवाज येत. गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन, पाणी चढवणारी मोटर आणि खालच्या मजल्यावर वॉशबेसिनच्या कडेला आपटणारा रेझर. टक, टक, टक. पहिले दोन एखाद्या दिवशी चुकत. तिसरा कधी चुकला नाही.

त्या आवाजाच्या मालकांना आम्ही पोरं 'दाढीवाले काका' म्हणत असू. त्यांच्या चेहऱ्यावर दाढीचा एक केसही कुणी कधी पाहिला नव्हता, म्हणूनच.

आम्ही पोरं म्हणजे जुन्या राजेंद्रनगरातल्या क्लासांना बापाचे पैसे पोचते करून करोल बागेत बीडनपुऱ्याच्या गच्चीवरच्या खोल्यांत राहणारे यूपीएससीचे मराठी उमेदवार. काका मूळचे सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचे. विटा, खानापूर, आटपाडी या पट्ट्यात पाऊस पडला तर बातमी होते. तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यासाठी देशभरच्या सराफ बाजारांत पांगली, तशी करोल बागेतही आली. काका मिशी फुटायच्या आत आले आणि मिशी फुटल्यावर ती दिल्लीतच काढली, असं ते स्वतः सांगत.

गलाईवाल्याकडे जुनं सोनं आलं की तो ते वितळवतो, त्यात चांदी मिसळतो आणि तेजाबात सोडतो. चांदी विरघळून जाते, सोनं तळाशी बसतं. शंभरात सोन्याचे भाग किती, तो त्या मालाचा टंच. आयुष्यभर टंच काढून काकांच्या बोटांना सवयच लागली होती. जिन्यात कुणी भेटला की नमस्काराच्या आधी त्यांच्या उजव्या हाताची मागची बाजू त्याच्या गालावरून फिरे. आधी वरून खाली, मग खालून वर. खालून वर जाताना ते डोळे मिटत.

"ऐंशी," ते म्हणत. "हनवटीखाली खोट हाय."

माझा रूममेट दोन रुपयांच्या वापरून फेकायच्या रेझरनं, कोरड्या गालावर, मोबाईलमध्ये बघत दाढी करायचा. त्याच्या गालावरून हात फिरवून काका नुसतेच म्हणाले, "पितळ." तो आठवडाभर जिन्यानं जाताना मफलर गुंडाळून गेला. जून महिना होता.

काकांची दाढी बघायची म्हणजे उठायला लागे. बाल्कनीतल्या बेसिनवर ग्रिलला एक आरसा तारेनं बांधलेला. थंडीत त्यावर वाफ धरू नये म्हणून ते आदल्या रात्री त्यावर साबणाचं बोट फिरवून फडक्यानं पुसून ठेवत. पाणी मात्र बोअरचं चालायचं नाही. सकाळी तासभर सरकारी नळाला येणारं गोडं पाणी त्यांच्यासाठी एका स्टीलच्या तांब्यात भरून झाकलेलं असे, आणि त्या तांब्यातलं पाणी कुणाला तहान लागली तरी मिळत नसे. बोअरच्या जड पाण्यातल्या क्षारांशी साबणाची गाठ पडली की फेसाऐवजी चोथा होतो. काका हे रसायनशास्त्र एका वाक्यात सांगत : "दूध नासतंय, पावणं."

कोमट पाण्यात ब्रश बुडवायचा, निथळवायचा आणि वाटीतल्या साबणाच्या गोल वडीवर फिरवत राहायचं. आधी मोठे बुडबुडे येतात. इथं अडाणी माणूस थांबतो आणि तोंडाला लावतो. काका थांबत नसत. थेंबभर पाणी, पुन्हा फिरव, पुन्हा थेंबभर. बुडबुडे बारीक होत होत नाहीसे होत आणि वाटीत चक्क्यासारखा घट्ट, चकचकीत फेस उभा राही. ब्रश वाटीत सोडून दिला तर तो उभाच्या उभा राहायला हवा. कलंडला तर काका सगळं धुऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. दाढीच्या सगळ्या खटाटोपात मिळून पाऊण तास जाई. एकदा मी म्हणालो, "काका, एवढ्या वेळात माझा अर्धा पेपर सोडवून होतो." तर म्हणाले, "म्हणूनच अर्धाच हुतोय."

मग रेझर. हे प्रकरण पितळी, वजनदार, वर निकेलचा मुलामा, तोही अंगठ्याच्या जागी उडालेला. मुठीच्या बुडाची चकती फिरवली की वरची दोन दारं देवघराची उघडावीत तशी अलगद उघडत. हा रेझर त्यांनी पहिल्या कमाईतून गफ्फार मार्केटात घेतला होता. विलायती माल गफ्फार मार्केटातच मिळायचा तेव्हाची गोष्ट. तो अस्सल इंग्लंडचा असल्याची दुकानदारानं शपथ घेतली होती आणि काकांनी ती पन्नास वर्षं पाळली.

रेझर गालावर टेकवायचा, दाबायचा नाही. वजन त्याचं त्याला आहे. डाव्या हातानं कानापाशी कातडी ताणायची आणि वरून खाली आखूड आखूड ओढत यायचं. फेसाखालून जो आवाज येतो, तो वाळलेल्या पानावरून मुंगळा चालल्यासारखा. तो आवाज थांबला की तिथली दाढी संपली. पुन्हा फेस. आता उलटा हात, खालून वर. शेवटी गार पाणी आणि तुरटीचा खडा. तुरटी जिथं चुरचुरेल तिथं आज आपण चुकलो. हा रोजचा निकाल काका आरशात बघून स्वतःच जाहीर करत.

दाढीवाले काका हे करोल बागेतच असतात असं नाही. गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीत आणि सदाशिव पेठेतल्या खिडकीतही हा वाण आढळतो. त्याची वाटी कुणी आमटीला घेतली तर घरात दोन दिवस अबोला असतो. जुनं ब्लेड काचेच्या ग्लासात आतून घासून तो त्याच्याकडून आणखी दोन दाढ्या काढतो आणि त्यानंतरही ते शिवण उसवायला बायकोला भेट देतो. आणि फेस लावल्यावर तो बोलत नाही. काकूंनी "दूध आणू का?" विचारलं तर "हं." "गॅसवाला आलाय, पैसे द्या," तर "हंऽऽ." "तुमच्या बहिणीचा फोन आहे," तर नाकातून आखूड "ह्". घरातले सगळे महत्त्वाचे प्रश्न काकू याच पाऊण तासात मांडत, कारण ठराव बिनविरोध मंजूर होत.

न्हाव्याकडे काका फक्त केसांसाठी जात. दिल्लीत न्हावी मंगळवारी बंद आणि करोल बागेचा बाजार सोमवारी. सोमवारी काकांना कामाला सुट्टी, त्यामुळे त्या दिवशीची दाढी म्हणजे ख्यालगायन. आलापीलाच अर्धा तास.

दाढी राखणाऱ्यांबद्दल त्यांचा राग नव्हता, धंद्याचं तर्कशास्त्र होतं. सोन्याच्या कामात कारखान्याची झाडलेली धूळ आणि हात धुतलेलं पाणीसुद्धा साठवतात, त्यातून कण काढतात. "दाढी ठिवली तर कण अडकायचा. मालक रोज झटकून घील. आब्रूचा प्रश्न हाय." घाईच्या दिवसांत एकदा त्यांनी कारखान्यातल्याच घमेल्यावर दाढी केली. त्या पाण्यातून निघालेल्या सोन्याला अजून चंदनाचा वास येतो, असं त्यांचा भाचा सांगायचा.

हा भाचा पुढं न्यू जर्सीला गेला. चार वर्षांनी आला तो लाकडी पेटी घेऊन. आत जपानी ब्लेडं, एका इटालियन गावचा साबण आणि बॅजर नावाच्या जनावराच्या केसांचा ब्रश. तिकडे म्हणे हा छंद आहे. लोक पाच-पाच पात्यांची डोकी सोडून परत एकाच पात्याकडे आलेत आणि भारतातली ब्लेडं मागवतात. किंग जिलेट या अमेरिकन गृहस्थानं १९०३ साली हा एकपाती रेझर बाजारात आणला, तेव्हा वर्षभरात एकूण ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं खपली, हेही त्यानं सांगितलं. काकांनी हिशोब केला. "म्हंजी मानशी तीन ब्लेडं आन् काय तरी. ग्लासात घासत असत्याल."

मग भाच्यानं काकांचा ब्रश हातात घेऊन उजेडात धरला आणि म्हणाला, "मामा, हे डुकराचे केस."

घरात शांतता पसरली. काका रोज दाढी, मग आंघोळ, मग पूजा या क्रमानं चालणारे. काकूंनी देवघराकडे पाहिलं. काकांनी ब्रश परत घेतला, झटकला आणि म्हणाले, "केस हायती. मटण न्हवं." दुसऱ्या दिवशी साडेपाचला टक, टक, टक.

खरी कसोटी श्रावणात. श्रावणात दाढी करायची नाही, हा काकूंचा नियम. काकांनी त्यावर पंचांगातून वाट काढली होती, आणि तिला तोड नाही. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावस्येला. त्यामुळे दिल्लीचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो आणि राखीपौर्णिमेला संपतोही. शेजारचे शर्माजी दाढी सोडून बसले की काका म्हणत, "त्येंचा सावन. आपला आषाढच चाललाय." दिव्याची अवस झाली की आपला श्रावण लागे, काका पंधरा दिवस गप्प राहत, आणि राखी बांधून झाल्याबरोबर म्हणत, "हितला संपला. ज्या मुलखात ऱ्हायाचं त्या मुलखाचं पंचांग." असा महिन्याचा अर्धा त्यांनी कायदेशीर सोडवला होता.

उरलेल्या पंधरा दिवसांतही आवाज येतच राहायचा. हे मला कळेना. तोंडावर खुंट वाढलेले दिसत आणि पहाटे टक टक तर ऐकू येई. शेवटी एकदा मी जिन्याच्या वळणावरून वाकून पाहिलं. काका आरशासमोर उभे होते. फेस चक्क्यासारखा लावलेला. रेझरची दारं उघडी, आत ब्लेड नाही. दारं मिटली, कातडी ताणली आणि तो रिकामा रेझर वरून खाली, मग उलटा हात खालून वर. फेस निघत होता, केस जागच्या जागी. माझ्याकडे लक्ष गेल्यावर ते म्हणाले, "हं." आतून काकूंचा आवाज आला, "मला सगळं ठाऊक हाय म्हणावं त्यास्नी."

माझ्या मुलाखतीच्या दिवशी यूपीएससीच्या धोलपूर हाउसला सकाळीच पोचायचं होतं. आदल्या रात्री काकांनी वाटी, साबण आणि रेझर वर पाठवला. हा मान आधी कुणाला मिळाला नव्हता. ब्लेड नवं. मला वाटलं, वर्षानुवर्षं बघतोय, जमेल. डावा गाल जमला. उजव्या गालावर मनात उत्तरं घोळवत मी रेझर जरासा दाबला. एवढी वर्षं ऐकत आलेल्या शब्दाचा अर्थ तिथं मला समजला, कारण मुलाखतीला गालबोट लागलं ते अक्षरशः. तुरटी लावली, कागदाचा कपटा चिकटवला आणि गेलो. काढायला विसरलो. मंडळातल्या बाईंनी मला परराष्ट्र धोरणाबद्दल विचारलं, पण त्या बघत होत्या कपट्याकडे.

निकाल लागला, त्यात मी नव्हतो. काकांना सांगायला गेलो तर फेस लावलेला होता. त्यांनी ऐकून घेतलं, रेझर खाली ठेवला आणि चक्क फेसातून बोलले. पहिल्यांदाच. "उलटा हात मारायचाय आजून."

मी मारला नाही. पुण्यात नोकरी धरली. परवा बऱ्याच वर्षांनी दिल्लीला गेलो होतो, मुद्दाम तिथं गेलो. जिना तोच. काका थकलेत, हाताला थोडा कंप आहे, पण गाल आरशासारखे. भाच्याची ती लाकडी पेटी कपाटावर होती, आत काकूंचे सुईदोरे. काकांनी मला ओळखलं की नाही कळलं नाही. त्यांनी हात पुढं केला. वरून खाली, मग डोळे मिटून खालून वर. मी सकाळी हॉटेलात पाच पात्यांनी केली होती.

"पंचाहत्तर," ते म्हणाले. "अठरा कॅरेट. पुण्यात चालत आसंल."