गादीवरचा पोरगा

जॉन शायरचं एक चुकलंच. पस्तिशीही पुरी व्हायच्या आत त्यानं ड्यूक विद्यापीठाच्या बास्केटबॉलची गादी स्वीकारली. आता संघ जिंकला की आम्ही चाहते म्हणतो, ‘खेळाडूच तसले आहेत, कुणीही जिंकलं असतं.’ हरला की म्हणतो, ‘पोरगा आहे हो अजून.’ म्हणजे विजयात त्याचा वाटा शून्य आणि पराभवात सोळा आणे. इतका सोयीचा हिशेब आमच्या सोसायटीच्या खजिनदारालाही अजून जमलेला नाही.

गादी मात्र साधीसुधी नव्हे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम गावी माइक शशेफ्स्की, म्हणजे अवघ्या जगाचे ‘कोच के’, या गादीवर ४२ मोसम बसले. पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. कॅमेरून इनडोअर स्टेडियमच्या लाकडी मैदानाला २००० सालीच त्यांचं नाव दिलं गेलं. म्हणजे नवा कोच रोज कामाला उभा राहतो तोच मुळी जुन्याच्या नावावर. २०२१ च्या उन्हाळ्यात कोच के यांनी ‘पुढचा मोसम शेवटचा’ असं जाहीर केलं आणि वारसही नेमून टाकला. वारस घरचाच. २०१० च्या विजेत्या संघाचा एक कर्णधार, पुढे त्यांचाच सहायक. २०२२ मध्ये कारभार हाती आला तेव्हा शायरचं वय ३४.

पहिल्या तीन मोसमांचा त्याचा जमाखर्च असा: २७ विजय ९ पराभव, पुन्हा २७ आणि ९, मग ३५ आणि ४. एकूण ८९ विजय, २२ पराभव. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सची स्पर्धा दोनदा खिशात, राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत, म्हणजे फायनल फोरमध्ये, एकदा धडक. दुसऱ्या एखाद्या गावात एवढ्यावर पुतळा उभा राहिला असता. आमच्या गावात चौकशी समिती बसते.

आता ज्यांच्या नावानं आम्ही उसासे टाकतो, त्या कोच के यांचे पहिले तीन मोसम काढा. १७ विजय १३ पराभव, १० आणि १७, ११ आणि १७. बेरीज ३८ विजय, ४७ पराभव. तेव्हा तेही ऐन तिशीतले होते, आणि त्यांना घरी पाठवा म्हणून ओरडा करणारेही ड्यूकचेच चाहते होते. क्रीडा संचालक टॉम बटर्स यांनी कुणाचं ऐकलं नाही, उलट नवा करार हातात ठेवला. पहिलं विजेतेपद आलं १९९१ साली, अकराव्या मोसमात. आज तेच चाहते आणि त्यांची पोरंबाळं छातीठोकपणे सांगतात, ‘आमचा के साहेबांवर पहिल्या दिवसापासून विश्वास होता.’ श्रद्धा मागच्या तारखेनं जमा करता येते, हा तिचा मोठाच गुण.

पण शायरवर खरा राग आहे तो ३५ सेकंदांचा. ५ एप्रिल २०२५, सॅन अँटोनियो, फायनल फोर, समोर ह्यूस्टन. आपल्याकडे तेव्हा रामनवमीची सकाळ उजाडली होती. आठेक मिनिटं उरली असताना ड्यूक १४ गुणांनी पुढे. ३५ सेकंद उरली असताना ६७-६१. इथून हरायचं तर त्यासाठी वेगळी मेहनत घ्यावी लागते. ड्यूकनं ती घेतली. आधी ह्यूस्टनच्या शार्पनं तीन गुणांचा फटका मारला. लगेच बाहेरून आत टाकलेला चेंडू चोरीला गेला. ह्यूस्टनचा त्यावरचा नेम चुकला, तर टग्लरनं परत आलेला चेंडू वरच्या वर बास्केटात कोंबला. मग टायरिस प्रॉक्टर फ्री थ्रोला उभा राहिला. पहिला पडला तरच दुसरा मिळणार होता. पहिलाच हुकला. तो उसळलेला चेंडू धरायच्या धडपडीत कूपर फ्लॅगच्या नावावर फाउल लागला आणि ह्यूस्टनच्या रॉबर्ट्सनं दोन्ही फ्री थ्रो घातले. ६७-६८. शेवटचा फटका पुन्हा फ्लॅगच्याच हाती. वय वर्षं १८, देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. वळून उडी घेऊन मारलेला चेंडू रिंगच्या अलीकडेच राहिला. निकाल ७०-६७. सुंठवड्याच्या आधीच तोंड कडू झालं.

लगेच निदान तयार: ‘अनुभव कमी पडला.’ समोर ६९ वर्षांचे केल्विन सॅम्पसन होते, त्यामुळे निदान शोभूनही दिसलं. गंमत पुढे आहे. दोनच दिवसांनी हेच सॅम्पसन अंतिम सामन्यात १२ गुणांची आघाडी घालवून बसले आणि फ्लोरिडाकडून ६५-६३ असे हरले. शेवटच्या क्षणी ह्यूस्टनला बास्केटकडे चेंडू टाकतासुद्धा आला नाही. फ्लोरिडाचा कोच टॉड गोल्डन, वय ३९, त्या संघासोबत तिसराच मोसम. म्हणजे शायर आणि गोल्डन एकाच वर्षी आपापल्या गादीवर बसलेले. १९८३ साली नॉर्थ कॅरोलायना स्टेटला जिंकून देणारे जिम वाल्व्हॅनो ३७ वर्षांचे होते. शायरही सॅन अँटोनियोत ३७ चाच होता. तेव्हा पांढऱ्या केसांनी चषक मिळतो हा सिद्धांत मंडळींनी कृपया मागे घ्यावा.

मग शायर निर्दोष? मुळीच नाही. २०२४-२५ च्या मोसमातले चारही पराभव नीट बघा. केंटकीकडून ५ गुणांनी, कॅन्ससकडून ३, क्लेमसनकडून ६, ह्यूस्टनकडून ३. लोळवलं कुणीच नाही. आणि हरवलं त्या प्रत्येकानं शेवटच्या टप्प्यात. बाकीचे दिवस ड्यूक समोरच्याला वीस-वीस, तीस-तीस गुणांनी झोडत होता, त्यामुळे शेवटच्या दोन मिनिटांत पोटात गोळा आला की काय करायचं, हे शिकायची वेळच फारशी आली नाही. ह्यूस्टनविरुद्ध अखेरच्या दहा मिनिटांत मैदानातून एकच बास्केट पडलं. अडलं की चेंडू फ्लॅगकडे, नाही अडलं तरी फ्लॅगकडे. दुसरी वाट आखून ठेवलेली असावी, असं निदान पाहणाऱ्याला तरी जाणवलं नाही.

आणि हा पोरगा शिकत नाही असंही म्हणता येत नाही. २०२३ साली टेनेसीनं धक्काबुक्की करून ६५-५२ असं राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर काढलं. २०२४ साली नॉर्थ कॅरोलायना स्टेटच्या अगडबंब डीजे बर्न्सनं २९ गुण घेऊन ७६-६४ असं घरी पाठवलं. त्यावर शायरनं पुढच्या वर्षी साडेसहा फुटांच्या आसपासचे गडी मागे आणि ७ फूट २ इंचांचा खमान मालुआच बास्केटखाली असा डोंगरच उभा केला. अंगानं दाबणारे संघ मग ड्यूकला दाबेनासे झाले. म्हणजे मार जिथे बसतो तिथे औषध लागतं. एवढंच, की ते पुढच्या वर्षी लागतं.

आता मुद्द्याचं. शायर तरुण आहे ही अडचण नाहीच. संघ तरुण आहे, ही अडचण आहे. २०२५ च्या संघाच्या पहिल्या पाचात तीन जण पहिल्या वर्षाचे: फ्लॅग, कॉन कनिपल आणि मालुआच. तिघंही त्याच जूनमध्ये एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडले गेले, अनुक्रमे पहिला, चौथा आणि दहावा. घरात आले, पाहुणचार झाला, निघाले. तिकडे फ्लोरिडाच्या क्लेटन, मार्टिन, रिचर्ड या तिन्ही गार्डांनी कॉलेजात निदान चार-चार वर्षं काढलेली. शेवटच्या मिनिटाला चेंडू कुणाच्या हातात होता, एवढं पाहिलं तरी दोन्ही निकालांचा उलगडा होतो.

हे संघ कोण निवडतं? शायरच. २०२४ च्या उन्हाळ्यात सात खेळाडू ड्यूक सोडून दुसऱ्या कॉलेजांत गेले. त्यात जेरेमी रोच होता, चार वर्षं इथंच खपलेला गार्ड. पुढच्या मार्चमध्ये तो बेलरच्या कपड्यांत समोर उभा होता. ड्यूकनं बेलरला ८९-६६ असं धुतलं आणि आम्ही टाळ्या पिटल्या. दोन आठवड्यांनी ह्यूस्टनच्या दबावाखाली शांत डोक्यानं चेंडू पुढे नेणारा एखादा जुना गडी हवा होता, तेव्हा रोचची आठवण कुणालाच आली नाही. टुलेनहून आणलेला सायन जेम्स किंवा पर्ड्यूहून आणलेला मेसन गिलिस हे मुरलेले होते, नाही असं नाही. पण कठीण क्षणी खेळ त्यांच्याभोवती फिरत नव्हता.

कोवळ्या पोरांवरच भिस्त ठेवायचा हा हट्ट शायरला गादीबरोबरच मिळाला. २०१५ साली कोच के यांनी पहिल्या वर्षाच्या पोरांवर विजेतेपद काढलं. तेव्हापासून डरहॅमला तोच नाद. २०१९ साली झायन विल्यमसन, आरजे बॅरेट आणि कॅम रेडिश एकाच संघात असूनही खुद्द के साहेब मिशिगन स्टेटकडून ६८-६७ असे एका गुणानं अडले. त्या वेळी त्यांच्या वयाबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

नाद वाढवला तो आम्हीच. अठरा वर्षांच्या कुठल्या पोरानं ड्यूकला होकार दिला, की आम्ही दिवाळी करतो. चौथ्या वर्षाचा खेळाडू थांबला, तर ती बातमी चौथ्या पानावरसुद्धा वाचत नाही. कोचनं बाजारात जाऊन तेच आणलं जे आम्ही मागितलं.

खरं तर शायरला हे कुणी शिकवायला नको. २०१० साली बटलरला ६१-५९ असं हरवणाऱ्या ड्यूकच्या पहिल्या पाचात एकही जण पहिल्या वर्षाचा नव्हता. दुसऱ्याही वर्षाचा नव्हता. तिघं चौथ्या वर्षाचे, दोघं तिसऱ्या. त्या तिघांतला एक जॉन शायर. शेवटच्या क्षणी गॉर्डन हेवर्डनं अर्ध्या मैदानातून फेकलेला चेंडू रिंगवर आपटून बाहेर गेला. तो आत पडला असता, तर शायरची आजची ओळख वेगळी असती. नशीब लागतंच. पण तोवर चाळीस मिनिटं बरोबरीत टिकायला मुरलेली माणसं लागतात.

तर आमचा शेरा: माणसं जमवणं उत्तम, बचाव उत्तम, चुकांतून शिकणं चांगलं, शेवटची दोन मिनिटं नापास. वयाची सबब नामंजूर, त्याचीही आणि आपलीही. आणि चाहतेहो, पुढच्या उन्हाळ्यात कोण येतंय हे विचारण्याआधी एकदा तरी विचारा, थांबतंय कोण?