रंगसफेदी आणि रवानगी

डिसेंबराची चाहूल लागली, की नागपुरात दोन गोष्टी ठरल्या वेळी अवतरतात: बाजारात संत्री आणि सिव्हिल लाइन्समध्ये रंगारी. 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारातील अभिवचन पाळण्यासाठी राज्यकारभाराचा सारा लवाजमा हिवाळी अधिवेशनाच्या निमित्ताने, पंधरवड्यापुरता का होईना, या उपराजधानीत मुक्कामास येतो आणि त्याच्या वास्तव्यात कसलीही उणीव भासू नये म्हणून रामगिरी, रविभवन, नागभवन आणि आमदार निवास या वास्तूंची डागडुजी, रंगसफेदी आणि गाद्या-पडद्यांची तजवीज मोठ्या अदबीने केली जाते. परक्या ठिकाणी उतरलेल्या माणसाला निवारा, अंथरूण, गरम पाणी आणि विचारपूस करणारे कोणी असावे, हे तत्त्व शासनाला तंतोतंत उमगले आहे, याविषयी निदान नागपूरकराच्या मनात किंतु उरू नये.

या तत्त्वाला एकच अपवाद आहे आणि तो याच शहरात, बालगृहाच्या फाटकाशी, बारा महिने भेटतो. बालकल्याण समितीच्या हुकमाने ज्याला शासनाने पंखाखाली घेतले, वरण-भात वाढला, घंटेच्या ठोक्यावर उठायला आणि निजायला शिकवले, पण भाजी काय भावाने मिळते हे विचारण्याची पाळी कधी येऊ दिली नाही, तो मुलगा अठरा वर्षे पुरी होताच वयःप्राप्त ठरतो. आणि ज्या वाढदिवशी लोकशाही त्याला मतदानास पात्र ठरवते, त्याच वाढदिवशी दफ्तरातून त्याची खाट खारीज होते. बोहल्यावर चढण्यास एकविसावे आणि विदेशी मद्याच्या परवान्यास पंचविसावे वर्ष लागावे, इतकी ज्या राज्यात तरुणाच्या कच्च्या बुद्धीची काळजी, त्या राज्यात घरभाडे, गॅस, दवाखाना आणि एकटेपणा ही चार ओझी मात्र अठराव्या वर्षीच पेलवतील, असा निर्वाळा देण्यात आला आहे.

कायद्याने काहीच केले नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. 2015 च्या बाल न्याय अधिनियमाने अशा मुलांच्या अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, मुदत एकविसाव्या वर्षापर्यंत नेली, 2016 च्या आदर्श नियमांनी अपवादात्मक प्रसंगी ती आणखी दोन वर्षे लांबवली आणि केंद्राच्या मिशन वात्सल्यात दरमहा 4,000 रुपयांची तरतूदही आहे. फक्त कलम 46 मध्ये, संस्था सोडणाऱ्या मुलाला आर्थिक साहाय्य ‘देता येईल’, अशा आशयाचे शब्द आहेत. ‘दिले पाहिजे’ आणि ‘देता येईल’ यांतले अंतर वैयाकरणापेक्षा कारकुनाला अधिक ठाऊक असते: पहिल्याची फाइल पुढे सरकते, दुसऱ्याचा अर्ज ‘यथावकाश’ या शेऱ्याखाली निजतो.

असा एक मुलगा मेडिकल चौकाच्या मागच्या गल्लीत खोली पाहायला गेला आहे, असे समजा. घरमालक ओसरीवर सुपारी कातरत बसलेले.

‘गाव कोनतं बाबू तुहं?’

‘इथलंच.’

‘वडील काय करतात?’

मुलगा आधारकार्ड पुढे करतो. त्यावर पत्ता बालगृहाचा. अडकित्ता थांबतो.

‘असं कर, घरच्या कोन्या मोठ्या मानसाले घेऊन ये, मंग पाहू.’

माणूस वाईट नाही; त्याला जामीन हवा आहे, आणि जामीन राहण्याइतका जवळचा पालक या मुलाला एकच: महाराष्ट्र शासन. ते सध्या रंगकामात आहे.

या मुलांच्या नात्यागोत्यांची शासनाने दखल घेतली नाही, असेही नव्हे. 2018 मध्ये शिक्षणात आणि नोकरीत अनाथ म्हणून त्यांना 1 टक्का समांतर आरक्षण मिळाले, तेव्हा आई-वडीलच नव्हे, तर काका-काकू, आजी-आजोबा, चुलत भावंडे यांपैकी कोणाचीही माहिती उपलब्ध नसावी, अशी अट होती; लग्नपत्रिकेतही नातलगांची इतकी काटेकोर यादी क्वचितच आढळते. पुढे ती अट सैल झाली. पण आपले कोणी नाही, हे शासनापुढे सिद्ध करायला दाखला लागतो. घरमालकापुढे ते विनादाखला सिद्ध होते.

अचलपूर तालुक्यातील वझ्झरच्या शंकरबाबा पापळकरांनी हा पेच फार साध्या रीतीने सोडवला. बेवारस दिव्यांग मुलांना त्यांनी आपलेच आडनाव दिले आणि अठरा वर्षे भरली म्हणून त्यांना वाऱ्यावर सोडले नाही. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. अठराव्या वर्षानंतरच्या आजीवन पुनर्वसनाचा जो कायदा ते वर्षानुवर्षे मागत आले, तो मात्र मागणीच राहिला. गौरव करणे नेहमीच स्वस्त पडते.

जागेची अडचण तर कोणी सांगूच नये. 2020 च्या साथीत याच आमदार निवासात विलगीकरणाची सोय झाली होती, आणि आमदार नसलेली माणसे तेथे निजल्याने इमारतीला तडा गेल्याचे ऐकिवात नाही. अधिवेशनावर दरसाल मोर्चे येतात. फाटकाबाहेर पडताच एकेकटी पांगणारी ही मुले मोर्चा कोठून आणणार? म्हणून त्यांच्या वतीने सन्माननीय सदस्यांना एवढीच विनंती: रंग ओला असेल तर भिंतीला टेकू नका, आणि ‘देता येईल’च्या जागी ‘दिले पाहिजे’ लिहावे, असा ठराव करून दिल्लीला धाडा. दोन शब्दांच्या जागी दोनच शब्द. छपाईचा खर्चसुद्धा वाढायचा नाही.